नास्तिकाच्या घरचा गणपती

प्रश्न : मी देव मानत नाही. आईचे गुडघे दुखतात, म्हणून यंदा घरचा गणपती माझ्यावर आलाय. खोटेपणा न करता कसा करू?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : मंत्र आईंना खुर्चीत बसून म्हणू द्या, मांडणी, मोदक, विसर्जन तुम्ही घ्या. आरतीत टाळ धरला म्हणजे श्रद्धेची कबुली दिली, असं आम्ही मानत नाही. उकडीला पाणी आणि तांदळाची पिठी एकाच वाटीनं सारखी; पाण्यात चमचाभर तूप, चिमूटभर मीठ. उकड गरम असतानाच मळा, गार झाली की कळ्यांना चिरा पडतात. मूर्ती शाडूचीच आणा. विसर्जनाला बादलीत ती पूर्ण बुडेल एवढं पाणी हवं. ऑइलपेंट असेल तर पाणी आत शिरत नाही, मूर्ती तशीच राहते. विरघळलेली माती कुंडीत घाला. पंचगंगेत निर्माल्यसुद्धा नको.