अर्ज लांबला, आता शेअरचं काय?

प्रश्न : मी एसटीतून निवृत्त झालो. ग्रॅच्युइटीतले बरेचसे पैसे एका बायोटेक कंपनीच्या शेअरमध्ये घातले. तिने परदेशी भागीदाराबरोबर अमेरिकेत औषधाच्या मंजुरीसाठी अर्ज केला होता. निर्णयाची तारीख उलटली, कंपनी म्हणते ‘निर्णय पुढे ढकलला’. शेअर आपटलाय. ताई, भागीदार सोडून जाईल का? विकून मोकळा होऊ का?
– एक वाचक, होटगी रोड, सोलापूर

उत्तर : काका, पुढे ढकलला म्हणजे नाकारला नव्हे. अर्ज आहे तसा मंजूर होणार नसेल, तर अमेरिकेचं एफडीए, म्हणजे औषधांना मंजुरी देणारं सरकारी खातं, ‘कम्प्लीट रिस्पॉन्स लेटर’ म्हणजे त्रुटींचं पत्र धाडतं. ते आलंय का, हे आधी बघा.

मग उशिराचं कारण शोधा. आपली बायोकॉन आणि तिची परदेशी भागीदार मायलान या जोडीचीच दोन उदाहरणं घ्या. त्यांच्या ट्रास्टुझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाचा निर्णय सप्टेंबर २०१७ मध्ये अपेक्षित होता. जादा माहिती तपासायला एफडीएने तीन महिने वाढवून घेतले आणि डिसेंबरात मंजुरी दिली. बेव्हासिझुमॅब या त्यांच्या दुसऱ्या कर्करोगावरच्या औषधाची तारीख होती २७ डिसेंबर २०२०. कोविडमुळे बंगळूरच्या कारखान्याची तपासणी होऊ शकली नाही, निर्णय लांबला आणि मंजुरी आली ती थेट एप्रिल २०२५ मध्ये. एका वेळी अडलं होतं कागदांवर, दुसऱ्या वेळी कारखान्यापाशी.

कारखान्यापाशी अडलेलं प्रकरण मी हलक्यात घेत नाही. चिंचोली एमआयडीसीत मी औषधनिर्मितीच्या गुणवत्ता विभागात होते. बॅच रेकॉर्डमध्ये, म्हणजे औषधाच्या प्रत्येक घाण्याच्या नोंदवहीत, आकडा चुकला तर खोडायचा नाही, व्हाइटनर तर नाहीच. एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख, कारण. तपासनीस नेमकं हेच पान उघडतो. तपासनीसाला दिसलेल्या त्रुटी एफडीएच्या ‘फॉर्म ४८३’वर हातात पडल्या की पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर द्यायचं, मग सुधारणा, कधी फेरतपासणी. यात वर्ष कसं जातं ते कळत नाही.

भागीदाराचं म्हणाल, तर अशा करारात बहुधा काही रक्कम आगाऊ मिळते आणि मोठा वाटा मंजुरी, विक्री अशा टप्प्यांवर. अर्ज लांबला की पुढचे पैसेही लांबतात. भागीदार लगेच पळतो असं नाही. वर दिलेल्या जोडीत तर बायोकॉननेच २०२२ मध्ये भागीदाराचा बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारख्याच औषधांचा) व्यवसाय विकत घेतला. तोवर मायलानचं नाव व्हायट्रिस झालं होतं.

विका किंवा ठेवा असं मी इथून सांगणार नाही. पण ग्रॅच्युइटीचा पैसा एकाच औषधाच्या निर्णयावर टांगलेला मला बघवत नाही. दोन-तीन वर्षांत लागणारी रक्कम आधी बाजूला काढा, बाकीचं नंतर.

प्रश्न : आमच्याकडे अशाच एका औषध कंपनीचे थोडेच शेअर आहेत. कंपनी आम्हाला काही सांगायला बांधील आहे का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : आहे. एफडीएसारख्या बाहेरच्या यंत्रणेचा महत्त्वाचा निर्णय कंपनीला कळला की २४ तासांत तिला तो शेअर बाजाराला कळवावा लागतो, हा सेबीचा नियम. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या नावाखाली घोषणा वाचा, व्हॉट्सॲपवरचा निरोप नको. तिमाही निकालानंतर गुंतवणूकदारांशी होणाऱ्या कॉलचं लेखी टिपणही कंपनी पाच कामाच्या दिवसांत देते. वार्षिक सभेत बोलायला आधी नाव नोंदवा आणि एवढंच विचारा : शंका औषधाबद्दल आहे की कारखान्याबद्दल, आणि तपासणी झाली का?