बडोद्याहून कुत्र्याला घेऊन नदीच्या मुखाजवळच्या वाळूच्या किनाऱ्यावर जायचे असल्यास कोठे जावे? कावी-कंबोई कसे आहे?

कंबोईचे नाव आपण घेतले आहे, म्हणूनच हे उत्तर लिहीत आहे. तेथे कुत्र्याला मुळीच नेऊ नका. बडोद्यापासून ते सुमारे पाऊणशे किलोमीटरवर आहे आणि महीचे मुख तेथेच आहे, हे खरे. परंतु तेथे वाळू नाही, गाळ आहे. हा फरक आमच्या घरात एका व्यक्तीला अद्याप मान्य नाही.

ती व्यक्ती म्हणजे माझे थोरले बंधू. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातले असलो तरी आमचे आजोळ रत्नागिरीकडचे, त्यामुळे भरतीचे गणित दादाला तोंडपाठ आहे: तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे, येईल त्या वाजता पूर्ण भरती. आमच्या कुत्र्याला, मोतीला, घेऊन आम्ही कंबोईला गेलो त्या दिवशी त्रयोदशी होती, म्हणजे पावणेदहाला भरती आणि चारच्या सुमारास ओहोटी. आम्ही साडेदहाला पोहोचलो तेव्हा पाणी पार लांब दिसत होते. भरती होऊन जेमतेम पाऊण तास झालेला असताना पाणी इतके दूर कसे, अशी शंका मी बोलून दाखवली. त्यावर, आजोळी सुट्टीत किनाऱ्यावर कोण जात असे आणि घरात बसून पुस्तके कोण वाचत असे, याची मला आठवण करून देण्यात आली. कंबोईच्या किनाऱ्यावरचे स्तंभेश्वराचे मंदिर दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते, त्यामुळे दर्शनाच्या वेळा तेथे भरतीनुसार ठरतात. त्या विचारण्याचीही दादाला गरज वाटली नाही. त्याने मोतीचा पट्टा सोडला.

मोती शंभर पावले धावला आणि पोटापर्यंत रुतला. तो जितके पाय मारी तितका खाली जाई. मी पुढे निघालो तर माझाही पाय गुडघ्यापर्यंत गेला. तेवढ्यात “पाणी आवे छे!” असे ओरडत एक मच्छीमार आला, दोन फळ्या टाकून त्यांवर आडवा झाला आणि त्याने मोतीला मानेच्या कातड्याला धरून ओढून काढले. पंधरा-वीस मिनिटांनी त्या जागी पाणी होते.

कोकणचे गणित कोकणात ठीक आहे. भरतीची लाट खंभातच्या आखातात शिरून आत पोहोचेपर्यंत काही तास जातात, आणि आखात नरसाळ्यासारखे निमुळते होत असल्याने पाण्याची उंचीही वाढत जाते. समोर भावनगरला उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या पुढे जातो. साबरमती, मही, नर्मदा यांनी आणलेला गाळ हे पाणी सतत घुसळत राहते, मग वाळूचा किनारा कोठून मिळणार?

वाळूच हवी असेल तर दक्षिणेकडे जावे लागते. सुरतेजवळचे डुमस आहे, पण तेथे भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या आहेत. मी वलसाडचे तिथल पसंत करतो: वाळू काळसर, पण पायाखाली घट्ट, आणि औरंगा नदीचे मुख उत्तरेला जवळच. मुखाच्या अगदी कडेला मात्र तेथेही चिखल असतो, म्हणून कुत्र्याला मोकळ्या किनाऱ्यावरच फिरवावे. अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास असल्याने मुक्काम धरूनच निघावे, आणि पावसाळ्यात जाऊ नये. पिण्याचे पाणी भरपूर न्यावे, कारण समुद्राचे पाणी पोटात गेल्यास कुत्र्याला उलट्या व जुलाब होतात. दुपारी तापलेल्या वाळूने पंजे भाजतात, हे मला तिथलला गेल्यावरच कळले, तेव्हा त्याबाबतीत मीही शहाणा नव्हतो.

दादाचे म्हणणे असे, की गणित बरोबरच होते, त्या दिवशी पंचांगात तिथीचा क्षय होता. मी ते पंचांग जपून ठेवले आहे. क्षय नव्हता.