हार्डवेअर वॉलेटचे १२ शब्द मी स्वतःच निवडले तर चालतील का?

तुम्ही लिहिलंय की नवीन हार्डवेअर वॉलेट, म्हणजे बिटकॉइनची गुप्त किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, आणलंय, त्यानं दिलेल्या शब्दांवर (ज्यांवरून ती किल्ली परत बनते) भरवसा बसत नाही, म्हणून घरच्यांच्या लक्षात राहतील असे १२ शब्द यादीतून स्वतःच निवडणार आहात. कृपा करून असं करू नका. शंका रास्त आहे, उपाय मात्र घातक आहे.

शंका का रास्त, ते आमच्या घरात भोगून झालंय. मामेभावानं स्वस्तात मिळतंय म्हणून एक वॉलेट ऑनलाइन मागवलं. डब्यात २४ शब्द छापलेलं कार्ड तयारच होतं. त्याला वाटलं, कंपनीनं सोय करून दिलीय. दोन वर्षांची बचत त्यात टाकली आणि तिसऱ्या दिवशी शिल्लक शून्य, कारण तेच शब्द कार्ड छापणाऱ्याकडेही होते. नवी पेठेतल्या त्याच्या दुकानात बसून मी ते कार्ड हातात घेतलं होतं, छपाई अगदी सुबक. शब्द आयते आले तर ते वॉलेट वापरूच नका.

आता स्वतः निवडण्याचं. बीआयपी-३९, म्हणजे असे शब्द बनवण्याचा सर्वमान्य नियम, त्याच्या यादीत २०४८ शब्द आहेत, म्हणजे २ चा ११ वा घात. एका शब्दात ११ बिट (बिट म्हणजे एक ० किंवा १), १२ शब्दांत १३२. त्यातले १२८ निव्वळ योगायोगाचे हवेत, शेवटचे ४ पडताळणीचे. म्हणूनच मनानं जुळवलेले १२ शब्द सोळापैकी साधारण पंधरा वेळा वॉलेट घेणारच नाही. आणि एखाद्या वेळी घेतले, तरी माणसाच्या मनात ओळखीचेच शब्द येतात. चोर सुरुवात तिथूनच करतो.

योगायोग अपुरा पडला की काय होतं, ते २०२३ मध्ये दिसलं. लिबबिटकॉइन एक्स्प्लोरर या प्रोग्रॅमनं बनवलेले शब्द दिसायला व्यवस्थित होते, पण आत फक्त ३२ बिटांचा योगायोग, तोही संगणकाच्या घड्याळावरून घेतलेला. ३२ बिट म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. ऐकायला प्रचंड, संगणकाला किरकोळ. लोकांची वॉलेटं रिकामी झाली.

म्हणून खरा योगायोग मिळवायला मी पाच रुपयांचं नाणं घेऊन बसलो. वहीत अकरा रकाने आखले. छापा पडला की १, काटा पडला की ०. अशा अकरा ओळी झाल्या आणि बाराव्या ओळीत फक्त सात वेळा नाणं उडवलं, एकूण १२८. आमच्याकडे चादरीचे माग होते. भरलेलं पान पाहून जॅकार्डचे पुठ्ठे आठवले, भोक आहे किंवा नाही, बस्स. फरक इतकाच की पुठ्ठ्यात नक्षी मुद्दाम बसवतात, इथे ती बसवायची नाही. मला चौथ्या ओळीत सलग सहा छापे पडले आणि हात शिवशिवला, एक खोडून परत उडवावं असं वाटलं. तो मोह टाळा. जे पडलं ते लिहा.

प्रत्येक ओळ द्विमान (फक्त ० आणि १ ची) संख्या समजून तिचा आकडा काढायचा आणि यादीत त्या क्रमांकाचा शब्द शोधायचा. अकरा काटे म्हणजे ० आणि पहिला शब्द ‘अबॅन्डन’, अकरा छापे म्हणजे २०४७ आणि शेवटचा ‘झू’. छापील यादी १ पासून सुरू होत असेल तर एक मिळवायला विसरू नका, माझा पहिला शब्द तिथेच चुकला होता. बाराव्या शब्दासाठी पडताळणीचा हिशोब लागतो. तो मोबाईलवर किंवा वेबसाइटवर करू नका. सीडसायनरसारख्या ऑफलाइन यंत्रात अकरा शब्द आणि ते सात छापे-काटे भरले की बारावा मिळतो. कोल्डकार्ड नावाचं हार्डवेअर वॉलेट नाण्याऐवजी फासे घेतं: १२ शब्दांना ५० वेळा टाका, २४ शब्दांना ९९.

एवढी खटपट नको असेल तर थेट कंपनीकडून घेतलेल्या, तुमच्यासमोर शब्द तयार करणाऱ्या वॉलेटवर विसंबायला माझी हरकत नाही. मन मानेल ते शब्द निवडण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

शब्द मराठीत लिहून ठेवू का, असंही विचारलंय. मराठीची अधिकृत यादी नाही, त्यामुळे इंग्रजी स्पेलिंगच कागदावर सुटं लिहा. प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं वेगळी असतात, निदान तेवढी स्वच्छ हवीत. फोटो काढू नका. मग पैसे टाकण्याआधी वॉलेटमधली माहिती पूर्ण पुसा, कागदावरून शब्द परत भरा आणि पैसे घेण्याचा पहिला पत्ता आधीचाच येतो का ते अक्षर न् अक्षर ताडून बघा.