पाच भाषा येतात, पण परदेशात काम मिळत नाही

प्रश्न : मला पाच भाषा येतात. पदवी अर्धवट सोडली, खास असं प्रशिक्षण काही नाही. युरोपातल्या कंपन्यांना सत्तरेक अर्ज केले. उत्तरं दोन आली, तीही नकाराची. माझं कुठे चुकतंय?

भाषांमध्ये तर नक्कीच नाही. लिस्बन, अथेन्स अशा शहरांत मोठी ग्राहक सेवा केंद्रं आहेत. डच, डॅनिश किंवा जर्मन सफाईनं बोलणाऱ्याला तिथे पदवी फारशी विचारत नाहीत. पण युरोपीय संघातल्या एका देशाचा नागरिक संघातल्या दुसऱ्या देशात परवान्याशिवाय काम करू शकतो. म्हणजे डच बोलणारा डच माणूसच कंपनीला विनासायास मिळतो. मग तुमच्यासाठी परवान्याची खटपट ती कशाला करेल? अर्जातल्या 'इथे काम करण्याचा हक्क आहे का?' या रकान्यात 'नाही' दिसलं की पाच भाषांच्या ओळीपर्यंत कुणी पोचतच नाही.

म्हणून आधी परवान्याचा रस्ता शोधा, मग नोकरी. आणि पाचही भाषा सगळीकडे मिरवू नका. तुमच्या पाचांपैकी कोणत्या भाषेचं गिऱ्हाईक कोणत्या देशात जातं, पर्यटक म्हणून, विद्यार्थी म्हणून, उपचारांसाठी, ते पाहा. जिथे ती भाषा बोलणारे कर्मचारी कमी आणि गिऱ्हाईक जास्त, तिथे तिला भाव. आणखी एक, कटू वाटेल: भरती भाषेसाठी क्वचितच होते. हॉटेलच्या रात्रपाळीला, गोदामात, स्वयंपाकघरात माणूस हवा असतो. तो तीन भाषा बोलतो हे कळलं की त्याला रिसेप्शनवर बसवतात किंवा कामगारांच्या गटाचा प्रमुख करतात.

प्रश्न : सीव्हीत भाषेपुढे 'फ्लुएंट' लिहिलं तर चालेल ना?

नको. सगळेच लिहितात. ए१ (अगदी प्राथमिक) ते सी२ (पूर्ण प्रभुत्व) या युरोपीय मोजपट्टीवरची पातळी लिहा. फोनवर चिडलेल्या ग्राहकाला सांभाळायचं तर साधारण बी२ लागते. त्याखालच्या भाषा लिहाव्यात, पण खऱ्या पातळीसह; मुलाखत घेणारा मध्येच भाषा बदलतो आणि तिथे पितळ उघडं पडतं. जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा पास असाल, तर बोलण्याचा सराव वेगळा करा. त्या परीक्षेत वाचन आणि श्रवण तपासतात, बोलणं नाही.

प्रश्न : पर्यटक व्हिसावर जाऊन तिथेच काम शोधलं तर? शिवाय एक सल्लागार म्हणतो, जर्मनीत जाऊन नोकरी शोधू देणाऱ्या 'चान्सेनकार्ट' या कार्डाला पदवी लागत नाही.

पर्यटक व्हिसावर काम करणं जवळपास सगळीकडे बेकायदा आहे. पगार बुडवला तर तक्रार करणं जोखमीचं, आणि मालकाला ते पक्कं ठाऊक असतं.

सल्लागारानं अर्धंच सांगितलंय. जून २०२४ पासून सुरू झालेल्या या कार्डाला पदवी नसली तरी चालते, पण मग तुमच्या देशात मान्यता असलेलं किमान दोन वर्षांचं व्यवसाय प्रशिक्षण लागतं. वर जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२, आणि राहण्याच्या खर्चाची तजवीज. नोकरी शोधताना आठवड्याला २० तासांपर्यंत अर्धवेळ काम करता येतं. प्रशिक्षणच नसेल तर हा रस्ता तुमचा नाही.

माझ्या मते तुमच्यासारख्यांनी जपानकडे नीट पाहावं. २०१९ पासून तिथे 'विशिष्ट कौशल्य' कामगारांचा वेगळा परवाना आहे. पदवीची अट नाही. त्या क्षेत्राची कौशल्य चाचणी आणि बहुतेक क्षेत्रांसाठी जेएलपीटीची एन४ (खालून दुसरी) पातळी पुरते. उपाहारगृहं, हॉटेलं, शेती, वृद्धांची शुश्रूषा अशी क्षेत्रं आहेत. शुश्रूषेला भाषेची एक जादा चाचणी द्यावी लागते. पहिल्या टप्प्यात एकूण पाच वर्षं राहता येतं, मात्र कुटुंब नेता येत नाही. ज्याला पाच भाषा शिकता आल्या, त्याला सहावी एन४ पर्यंत नेणं जड जाऊ नये. वय तिशीच्या आत असेल, तर तरुणांना काही काळ राहून काम करू देणारा 'वर्किंग हॉलिडे' करार तुमच्या देशाचा कुणाशी आहे का, तेही बघा.

प्रश्न : क्रूझवर नोकरी देणारा एजंट 'प्लेसमेंट फी' मागतोय. द्यावी का?

देऊ नका. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरतीचा खर्च खलाशाकडून घेता येत नाही, आणि जहाजावरचे वेटर, रिसेप्शनिस्टही त्यात येतात. वैद्यकीय दाखला, पासपोर्ट आणि खलाशाचं पुस्तक (त्याच्या ओळखीची, नोकरीची नोंदवही) एवढाच खर्च तुमचा, व्हिसाचासुद्धा नाही.

प्रश्न : टेलिग्रामवर थायलंडमधल्या ग्राहक सेवेच्या नोकरीची ऑफर आलीय. अनुभव नको, फक्त भाषा हव्यात. पगार भरपूर, तिकीट त्यांचं. मुलाखत पंधरा मिनिटांत झाली. जाऊ का?

जाऊ नका. हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता तुम्हाला आधीच कळवलं आहे.

अशा माणसांना बँकॉकला उतरवून गाडीनं माए सोत या सरहद्दीवरच्या गावाकडे नेतात आणि नदीपलीकडे म्यानमारमध्ये पोचवतात. तिथल्या कुंपणाआड पासपोर्ट काढून घेऊन ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतात. नकार दिला तर मारहाण. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता, म्यानमारमध्ये असे किमान १,२०,००० आणि कंबोडियात सुमारे १,००,००० लोक अडकलेत. त्यांत शिकलेले, बहुभाषिक लोक बरेच. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना त्यांच्याच भाषेत फसवायचं, तर तुमच्यासारखी माणसंच लागतात.

खरी कंपनी घाई करत नाही. प्रवासाआधी कामाचा व्हिसा काढते, 'तिथे पोचल्यावर बदलून घेऊ' म्हणत नाही. करारावर कंपनीचा नोंदणीकृत पत्ता असतो. तो घेऊन त्या देशाच्या दूतावासात विचारा. तुमच्या पत्रात पगार आहे, तिकिटाची तारीख आहे, पण कंपनीचं नाव कुठेच नाही. त्यांच्या मेसेजमध्ये तरी आहे का, बघा.