इच्छाशक्तीने शक्यता बदलते का? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

वैद्यकीय महाविद्यालयात जैवसंख्याशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली. या सदराकडे एरवी औषधांच्या चाचण्या, तपासणीच्या अहवालांतले आकडे, डॉक्टरांनी सांगितलेले टक्के यांबद्दल विचारणा होते. पावसाळ्यापासून मात्र निम्मी पत्रं एकाच गोष्टीची आहेत. मनापासून, ठरावीक पद्धतीने इच्छा केली की ती गोष्ट घडण्याची शक्यता वाढते का? कोणी त्याला संकल्पसिद्धी म्हणतं, कोणी मॅनिफेस्टेशन, कोणी मनोबल. प्रश्न तोच आहे, म्हणून सगळी पत्रं एकत्र घेते.

प्रश्न : ल्युडो खेळताना माझा नातू डोळे मिटून ‘सहा’ म्हणतो आणि सहा पडतात. घरातल्या सगळ्यांनी पाहिलंय. त्याच्यात काही शक्ती असेल का? (सातारा)

नाही. त्याला फासा १२० वेळा टाकू द्या, दर वेळी आधी ‘सहा’ म्हणू द्या आणि पडेल तो आकडा वहीत लिहा. वीसच्या आसपास सहा येतील, आणि १२ ते २८ यांमधलं काहीही आलं तरी त्यात नवल नाही.

प्रश्न : मी आईची आठवण काढली की पाच मिनिटांत तिचा फोन येतो. हा योगायोग कसा? (ठाणे)

आठवण आली आणि फोन आला नाही, असं किती वेळा झालं ते तुम्ही मोजलेलं नाही. महिनाभर दोन्ही मोजा.

प्रश्न : लॉटरीचा आकडा पहाटे ३ वाजता २१ दिवस लिहिला तर लागतो, असं रीलमध्ये पाहिलं. आकडे स्वतः निवडले तर शक्यता जास्त असते का? (जळगाव)

नाही, दोन्ही नाही. ४९ आकड्यांतून ६ निवडायचे असतील तर १ कोटी ३९ लाख ८३ हजार ८१६ जोडण्या होतात आणि तुमची त्यांतली एक असते, कोणीही निवडली तरी. स्वतः निवडलेलं तिकीट जास्त मोलाचं वाटतं हे मात्र खरं. मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ साली ते प्रयोगाने दाखवलं. तिकीट हातात दिलेल्यांनी ते परत विकायला सरासरी दोन डॉलरही मागितले नाहीत आणि स्वतः उचललेल्यांनी साडेआठ डॉलरच्या वर मागितले. तिकिटं सारखीच होती. तुम्ही पत्रात उधारीचा उल्लेख केला आहे. उधार घेऊन तिकिटं काढणं सुरू झालं असेल तर आकड्यांचा प्रश्न बाजूला ठेवा आणि समुपदेशकाला भेटा. जुगाराची अनावर ओढ हा आजार म्हणून नोंदलेला आहे आणि त्यावर उपचार आहेत.

प्रश्न : अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात यंत्रांवर मनाचा परिणाम सिद्ध झाला आहे. तरी तुमच्यासारखे लोक ‘विज्ञान मानत नाही’ म्हणतात. हा दुराग्रह नाही का? (पुणे)

प्रश्न रास्त आहे. ते काम मी पूर्वग्रह न ठेवता वाचलं आहे.

रॉबर्ट जान हे प्रिन्स्टनमध्ये अभियांत्रिकीचे अधिष्ठाता होते. १९७९ मध्ये त्यांनी तिथे प्रयोगशाळा काढली आणि ती फेब्रुवारी २००७ मध्ये बंद झाली. इलेक्ट्रॉनिक यंत्र छापा-काट्यासारखे शून्य आणि एक बाहेर टाकत राहायचं. समोर बसलेल्याने मनात आणायचं : आता जास्त, आता कमी, आता काहीच नाही. लाखो नोंदींनंतर जो फरक दिसला म्हणतात तो दहा हजारांमागे मोजका काही होता. इतका बारीक फरक खराच आहे की नोंदी निवडण्याच्या पद्धतीतून आला, हे ठरवायला एकच रस्ता असतो : दुसऱ्यांनी, आधी नियम लिहून, तेच करून पाहायचं. ते झालं. जर्मनीतल्या फ्रायबुर्ग आणि गीसेन इथल्या दोन प्रयोगशाळा प्रिन्स्टनला जोडून घेतल्या आणि २००० साली निकाल आला. आधी जाहीर केलेला मुख्य परिणाम दिसला नाही. मग त्याच आकड्यांत इतर काही नमुने दिसतात का ते शोधलं गेलं. निकाल पाहिल्यावर खूण ठरवायची असेल तर कुठल्याही आकड्यांत खूण सापडते. मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हीच चूक दाखवत आले.

२००६ मध्ये अशा ३८० प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला. एकूण परिणाम अगदी क्षीण होता, आणि त्याहून बोलकी गोष्ट ही की प्रयोग जितका मोठा, तितका परिणाम लहान. अशी उतरंड बहुधा तेव्हा दिसते जेव्हा फसलेले छोटे प्रयोग कपाटात राहतात आणि जमलेले छापले जातात. समर्थकांनी यावर आक्षेप घेतले, वाद झाला, पण उतरंड तशीच आहे.

पुराव्यासाठी प्रिन्स्टनला जायची गरजही नाही. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रिकांची अशीच चाचणी घेतली. निम्म्या पत्रिका हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या. कोणती कोणाची ते ओळखायचं, प्रत्येक ज्योतिषाला ४० पत्रिका. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती. नियम आधी ठरले होते, म्हणून नंतर पळवाट उरली नाही. इच्छाशक्तीचा कोणताही दावा याच मांडवाखाली आणा, मी आनंदाने येऊन मोजेन.

प्रश्न : ‘क्वांटम संकल्प’ नावाच्या ऑनलाइन कोर्सला ३५ हजार भरले. बॅचमधल्या पाच जणांना महिन्यात नोकरी लागली, मला नाही. सर म्हणतात माझ्या मनात शंका होती म्हणून. आता ‘ॲडव्हान्स लेव्हल’ घ्यावी का? (नाशिक)

घेऊ नका.

बॅचमध्ये किती जण होते ते त्यांनी सांगितलं नाही, ते आधी विचारा. नोकरी शोधणारे, रोज अर्ज करणारे दोनशे जण एकत्र आणले तर महिन्याभरात काहींना नोकरी लागणारच, कोर्स असो वा नसो. त्या काहींचे व्हिडिओ होतात. उरलेल्यांना ‘तुमच्यात शंका होती’ असं सांगितलं जातं. या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. इच्छा फळली तर श्रेय पद्धतीला, नाही फळली तर दोष तुम्हाला. असा दावा कधी खोटा पडूच शकत नाही, आणि जो खोटा पडू शकत नाही त्यातून कळतही काही नाही.

‘क्वांटम’ हा शब्द तिथे निव्वळ भाव वाढवण्यासाठी आहे. पुंजभौतिकीत, म्हणजे क्वांटम भौतिकीत, शक्यता काढायचा नियम ठरलेला आहे, त्यात बघणाऱ्याच्या इच्छेचं कुठलंही पद नाही. ‘निरीक्षण’ म्हणजे तिथे मनाने बघणं नव्हे, उपकरणाशी झालेला संबंध.

पावत्या, जाहिरात, मेसेज यांचे स्क्रीनशॉट आजच काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचं का, हे वकिलाला विचारून ठरवा.

प्रश्न : लग्नाला चार वर्षं झाली, एक मुलगी आहे. सासूबाई एका महाराजांकडे नेत आहेत. ते संकल्प करून पुडी देतात. मुलगा झाला नाही तर पैसे परत. खूप जणांना गुण आलाय म्हणे. (बीड)

दर १०० मुलींमागे साधारण १०५ मुलगे जन्मतात, काही न करता. म्हणजे शंभर बायकांना पुडी दिली की पन्नासच्या वर घरांत मुलगा येतो, ते पैसे त्यांचे. उरलेल्यांपैकी जे मागायला येतील तेवढ्यांचे परत करायचे. संकल्प फुकटचा, धंदा पक्का. ‘खूप जणांना गुण आला’ हे खरंच असतं, कारण निम्म्या गावाला तो येणारच.

पुडी पोटात घेऊ नका. घेतली असेल तर उरलेली घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, लाज बाळगू नका. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गर्भातलं लिंग बदलून देण्याचा दावा स्पष्टपणे गुन्ह्यांत मोडतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर या कायद्यासाठी वर्षानुवर्षं झटले आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. घरातून दबाव असेल तर पोलीस ठाण्याआधी एखाद्या महिला समुपदेशन केंद्रात बोला. तुमची सुरक्षितता आधी.

प्रश्न : माझ्या जाऊबाईंना छातीत गाठ लागून चार महिने झाले. वय ४६. त्या रोज सकाळी डोळे मिटून गाठ विरघळताना ‘बघतात’. म्हणतात, मन खंबीर ठेवलं की वाचण्याचे टक्के वाढतात, आणि सुई लावली की गाठ पसरते. घरात कोणी जोर करत नाही. त्यांना कसं समजावू? (कोल्हापूर)

हा अंक हातात पडेल त्याच आठवड्यात त्यांना डॉक्टरांकडे न्या. बाकीचं उत्तर परत आल्यावर वाचलंत तरी चालेल.

छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, हे त्यांना आधी सांगा. भीतीपोटीच माणूस डोळे मिटून बसतो. पण कोणती गाठ कसली हे हाताने कळत नाही आणि ध्यानाने तर नाहीच. दुखत नाही म्हणून साधी असेल, हेही चूक. तपासणी, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, आणि गरज असेल तर सुईने नमुना, असा तो क्रम असतो. ‘सुई लावली की पसरते’ ही गोष्ट मी तीस वर्षं ऐकते आहे. उशिरा आलेल्या बाईला सुई लागते, आजार आधीच पसरलेला असतो, आणि दोष सुईवर जातो. सुईच्या भीतीने रुग्ण आणखी उशिरा येतात आणि अफवा आणखी पक्की होते.

आता मन आणि टक्के. ही समजूत कुठून आली ते मला सांगावंसं वाटतं, कारण ती अडाणीपणातून आलेली नाही. १९८९ मध्ये डेव्हिड स्पीगल या मनोविकारतज्ज्ञांनी पसरलेला स्तनाचा कर्करोग असलेल्या ८६ स्त्रियांचा अभ्यास छापला. ज्या आठवड्याला एकत्र बसून मन मोकळं करत होत्या त्या जवळजवळ दुप्पट काळ जगल्या. जगभर बातमी झाली, पुस्तकं निघाली, आणि ‘मनाने कर्करोग हरतो’ हे वाक्य तिथून फिरायला लागलं. पुढचं फिरलं नाही. २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर तसाच प्रयोग झाला. ज्या स्त्रिया आधी फार खचल्या होत्या त्यांची वेदना आणि खचलेपण कमी झालं, आयुष्य मात्र वाढलं नाही. २००७ मध्ये स्पीगल यांनी स्वतःच पुन्हा करून पाहिलं आणि एकूण गटाचं आयुष्य वाढल्याचं दिसलं नाही, असं प्रामाणिकपणे छापलं. त्याच वर्षी डोक्या-मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा अभ्यास आला. त्यांतले ६४६ दगावले होते. मनाची उभारी आणि जगण्याचा काळ यांत संबंध सापडला नाही.

मनाला आधार देणं व्यर्थ आहे, असा याचा अर्थ घेऊ नका. झोप, वेदना, घरातलं बोलणं यांना त्याने फरक पडतो आणि तो आधार प्रत्येक रुग्णाला मिळायला हवा. पण आजार वाढला तर ‘मी मन घट्ट ठेवलं नाही’ असं स्वतःला कोसत गेलेल्या बायका मी वॉर्डात पाहिल्या आहेत. आजाराचं ओझं असतंच, त्यावर हे दुसरं कोणी ठेवलं? ज्यांनी ठेवलं त्यांना आकडे माहीत नव्हते.

उशिराचे आकडे असे. अमेरिकेत २०१८ मध्ये एक अभ्यास छापला गेला. न पसरलेला कर्करोग असूनही नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी मार्ग धरलेले २८१ रुग्ण त्यात होते. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट होता, आणि स्तनाच्या कर्करोगात पाचपटीहून जास्त. डॉक्टर जे टक्के सांगतात ते उपचार घेतलेल्या शेकडो बायकांच्या नोंदींतून आलेले असतात. घरी बसलेल्या बाईला ते लागू होत नाहीत. त्या टक्क्यांत शिरायचं असेल तर दवाखान्याची पायरी चढावी लागते.

जाऊबाईंशी वाद घालू नका. त्यांची इच्छाशक्ती खरी आहे, ती कामाला लावा. केमोच्या सहाव्या फेरीला, अंगात त्राण नसताना, पहाटेची एसटी पकडून येणाऱ्या बायका मला आठवतात. त्या निग्रहाने शक्यता बदलते, कारण तो पायांतून आणि वेळेवर घेतलेल्या औषधांतून काम करतो. सकाळचं ध्यान चालू ठेवा म्हणावं, ते करून साडेनऊच्या ओपीडीला चला. पैशांची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि घरात ‘कोणी जोर करत नाही’ म्हणता, तर तुम्ही करा.

प्रश्न : बारावीला ९० टक्के पडल्याचं रोज डोळ्यांसमोर आणते. फायदा होईल? (लातूर)

नुसत्या गोड चित्राने प्रयत्न ढिले पडतात, असं मानसशास्त्रज्ञ गॅब्रिएल ओटिंगेन यांच्या प्रयोगांत दिसलं आहे. चित्राशेजारी अडचणही लिही, कुठला धडा अडतो आहे तो, आणि उद्या तो शिक्षकांना विचार.

प्रश्न : भांडणात मी मनातल्या मनात भावाला ‘मर’ म्हणाले. चौथ्या दिवशी त्याचा अपघात झाला. वाचला, पण मी झोपू शकत नाही. आता मनात वाईट येऊ नये म्हणून दिवसभर मंत्र मोजते. कुणाला सांगितलेलं नाही. (गोवा)

ताई, अपघात तुमच्यामुळे झाला नाही. रागात असं मनात येणं ही घराघरातली गोष्ट आहे आणि जवळजवळ प्रत्येक वेळी पुढे काहीच घडत नाही. वर दिलेले सगळे प्रयोग तुमच्या बाजूने साक्ष देतात. वर्षानुवर्षं, लाखो वेळा, माणसांनी पूर्ण जोर लावूनही यंत्रातला एक आकडा पक्का हलवता आला नाही. तुमच्या एका शब्दाने गाडी हलली नाही.

पण माझ्या आकड्यांनी तुम्हाला झोप लागेल असं मला वाटत नाही. विचाराची भीती आणि ती शमवण्यासाठी दिवसभर मोजणं, हे मनोविकारतज्ज्ञांच्या ओळखीचं दुखणं असू शकतं. त्यावर चांगले उपचार आहेत. निदान त्यांनीच करायचं, मी नाही. आज रात्री बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत. डॉक्टरांकडे जाल तेव्हा मला लिहिलेलं हेच पत्र सोबत न्या. बोलायला सुचलं नाही तर ते त्यांच्या हातात द्या.