‘मॅडम, हे पुस्तकात नाहीये!’

“आमच्याच बॅचला गिनिपिग का केलं?” दहावीच्या पालकांचं हे हल्लीचं पहिलं वाक्य. सीबीएसईच्या पेपरात निम्मे गुण आता आकलन-उपयोजनाच्या प्रश्नांना, आणि २०२६पासून परीक्षाही दोनदा: फेब्रुवारीतली सक्तीची, मेमधली ऐच्छिक, जास्तीत जास्त तीन विषयांसाठी. सोय खरी, पण धास्तीही दुप्पट.

अशीच एक मुलगी आली. नववीपर्यंत विज्ञानात पहिली, सहामाहीत एकदम घसरलेली. बाबाच बोलत होते. ती पेनाचं बटण टिकटिक करत होती. बाबांना बाहेर बसवलं.

“पेपर हातात आला की काय होतं?”

“हे पुस्तकात नाहीये, असं वाटतं. मग येत असलेलंही आठवत नाही.”

मी एक प्रश्न पुढे ठेवला: सिल्व्हर क्लोराइड गडद रंगाच्या बाटलीत का ठेवतात?

“बघा! बाटलीचं कुठे दिलंय?”

“नसेल. सिल्व्हर क्लोराइडचं काय दिलंय, ते तर सांग.”

घडाघडा सुरू झाली. “पांढरं असतं, उन्हात करडं पडतं, प्रकाशाने त्याचं विघटन होऊन चांदी आणि क्लोरीन...” आणि थांबली. टिकटिकही थांबली. मी गप्प. अशा वेळी समुपदेशकाने घड्याळाकडेसुद्धा बघू नये, एवढं इतक्या वर्षांत शिकलेय.

“म्हणजे उजेड लागू नये म्हणून बाटली गडद?”

माहिती तिच्याकडे होतीच. आडवा येत होता तो एक ‘च’: प्रश्न ओळखीचा यायला‘च’ हवा. मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीची. माणसाला घटनेपेक्षा हा ‘च’ जास्त छळतो, असं मानणारी. पॅटर्न आपल्या हातात नाही, ‘च’ आहे. पुढच्या भेटींत आम्ही त्याच्याच मागे लागलो. तिसऱ्या भेटीत तीच म्हणाली, “प्रश्न अनोळखी असला तरी धडा ओळखीचाच असतो ना?” हा ‘च’ मी राहू दिला.

पालकांनो, रोज एकच अनोळखी प्रश्न द्या. उत्तर मागू नका. ‘याबद्दल तुला काय काय माहीत आहे?’ एवढंच विचारा. पाठांतराला नावं ठेवू नका. व्याख्या आणि समीकरणं पाठ होती, म्हणून तर तिला बाटली सुचली. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण एकदाच मिळतात, तेव्हा प्रॅक्टिकलची वही मेवर ढकलू नका. ‘फेब्रुवारी सोडून थेट मे’ हा बेत तर नकोच. पहिल्या परीक्षेत तीन किंवा अधिक विषयांना गैरहजर राहिलं तर दुसरीला बसता येत नाही. दोन्ही दिल्या तर जास्तीचे गुण धरतात. त्यामुळे मेचा विचार पहिल्या निकालानंतर, आणि तोही मुलाला विचारून.

शेवटच्या भेटीत बाबांनी मला विचारलंच, “मग मेमध्ये हिला बसवायचं ना?”

मी तिच्याकडे पाहिलं. पेन टेबलावर पडलं होतं.

“बाबा, आधी फेब्रुवारी तर येऊ दे!”