वाचकांचे प्रश्न : जपानी काकेजिकुतली माकडे, वाघ आणि बगळे

प्रश्न : मी तोक्योत निशिकासाईला राहतो. जुन्या वस्तूंच्या बाजारात रेशमावर रंगवलेले माकडाचे काकेजिकु, म्हणजे खाली दांडा असलेले, गुंडाळून ठेवायचे आणि भिंतीवर टांगायचे जपानी चित्र, घेतले. सही मोरी सोसेनची आहे, असे विक्रेत्याने सांगितले. हाताने काढलेले चित्र आणि छापील चित्र यांतला फरक घरच्या घरी कसा ओळखावा?

उत्तर : सहीकडे शेवटी वळा. आधी दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि मोबाइलचा टॉर्च घ्या. चित्र टेबलावर सपाट पसरून माकडाच्या डोळ्याजवळ भिंग लावा. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे ठिपके ठरावीक नक्षीत दिसले, तर ऑफसेटची छपाई आहे आणि प्रश्न तिथेच संपला. ठिपके दिसले नाहीत म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. जुन्या कॉलोटाइप छपाईत ठिपके नसतात. तिथे सुरकुतल्यासारखा बारीक रवा दिसतो आणि सगळा रंग एकाच पातळीवर बसलेला असतो.

हाताने काढलेल्या चित्रात शाई रेशमाच्या उभ्या-आडव्या धाग्यांत मुरलेली दिसते. कुठे दाट, कुठे विरळ. टॉर्च बाजूने, जवळजवळ आडवा धरलात की शिंपल्याच्या पुडीचा पांढरा रंग, म्हणजे गोफुन, किंचित उंचावलेला दिसतो. डोळ्यात सोनेरी रंग असेल तर चित्र कलते केल्यावर त्याची चमक बदलते. सर्वांत फसवा प्रकार म्हणजे रेषा छापील आणि वर थोडा रंग हाताने लावलेला. तो पकडायचा असेल तर सगळ्यात बारीक रेषा तपासा. हाताची रेषा मुळाशी भरीव असते आणि टोकाला कुंचला उचलल्यामुळे निमुळती होत जाते. छापील रेषा भिंगाखाली तुटते. शिक्काही बघा : हिंगुळाच्या लगद्याने उमटवलेला शिक्का चित्राच्या पृष्ठभागावर जाडसर बसतो.

आता सोसेन. हा ओसाकाचा चित्रकार (1747–1821). माकडांसाठी त्याचे इतके नाव होते की त्याच्या सहीची नक्कल त्याच्या हयातीपासून आजवर चालू आहे. साठीच्या सुमारास, 1807 मध्ये, त्याने सहीतले पहिले अक्षर बदलले : आधी ‘पूर्वज’ या अर्थाचे अक्षर होते, नंतर ‘माकड’ या अर्थाचे. चित्रावर माकडाचे अक्षर आणि ते ठेवायच्या लाकडी पेटीवर त्याआधीचे साल, अशी जोडी दिसली तर काहीतरी गडबड आहे. पण अक्षर बरोबर असले म्हणजे चित्र खरे, असेही नाही; नकलाकाराला ते कळत होतेच.

खरा पुरावा केसांत असतो. आधी फिकट शाईचा हात मारतात आणि त्यावर बारीक कुंचल्याने किंवा केस फाकवलेल्या कुंचल्याने लव काढतात, थरावर थर. चांगल्या हाताची लव शरीराच्या गोलाईबरोबर वळते : खांद्यावर आखूड, पाठीवर लांब, कोपराशी दिशा बदललेली. कच्च्या हाताची लव सगळीकडे सारख्या जाडीची, एकाच दिशेने ओढलेली असते. माकडाच्या कोपरापाशी दोन मिनिटे थांबा, तिथे लबाडी लपत नाही.

पेटीबद्दल एक सावधगिरी. पेटीवर चित्रकाराने स्वतः लिहिलेले असेल तर तिला तोमोबाको म्हणतात आणि तिने किंमत वाढते. म्हणूनच पेट्यांची अदलाबदल होते. चित्र पेटीतल्या खाचांत नीट बसते का आणि झाकणावर लिहिलेला विषय चित्राशी जुळतो का, एवढे तरी पाहाच.

प्रश्न : आमच्याकडच्या चित्रातल्या वाघाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या मांजरासारख्या उभ्या आहेत. ताडोब्यात वाघ पाहिल्यामुळे हे खटकते. चित्र बनावट असेल का?

उत्तर : या एका कारणावरून बनावट ठरवू नका. वाघाची बाहुली गोल असते हे खरे, पण जपानमध्ये वाघ नव्हता. एदो काळातल्या (1603–1868) चित्रकारांनी चिनी आणि कोरियन चित्रे, आयात झालेली कातडी आणि घरची मांजरे पाहून वाघ रंगवले. मारुयामा ओक्योने (1733–1795) वाघाच्या कातड्याचा अभ्यास केला होता, त्याच काळातल्या गांकु या चित्रकाराने वाघाच्या कवटीवर कातडे चढवून डोके रंगवण्याचा सराव केला. कातड्यावरून पट्टे कळतात, डोळा कळत नाही, म्हणून तो मांजराचा आला. त्या काळी बिबट्यालाच वाघाची मादी समजत. वाघाच्या जोडीत एकाचे अंग ठिपक्यांचे दिसले तर तेही त्या काळाला धरूनच आहे.

तोक्योतले उएनोचे प्राणिसंग्रहालय 1882 मध्ये उघडले आणि सर्कशीही येऊ लागल्या. त्यानंतरच्या चित्रकारांनी जिवंत वाघ पाहिले. वाघांसाठी प्रसिद्ध असलेला ओगाकीचा ओहाशी सुइसेकी (1865–1945) या पिढीतला. म्हणून तुमच्या चित्रावर विसाव्या शतकातली सही असेल आणि वाघ मात्र जुन्या पद्धतीचा मांजरमुखी असेल, तर नक्कल असण्याची शंका घ्या.

पट्ट्यांच्या कडा बघायला विसरू नका. चांगल्या चित्रात पट्ट्याची कड केसाकेसाने तुटलेली असते. आधी काळा पट्टा भरून त्यावर केस ओढलेले चित्र घाईचे असते.

प्रश्न : दादरला राहतो. बगळ्याच्या काकेजिकुला आडव्या घड्या पडल्या आहेत आणि पिसांचा पांढरा रंग गळतो आहे. ओळखीचे फ्रेमवाले म्हणतात, प्लायवर चिकटवून काच लावतो. लावू का?

उत्तर : नको. हे एकदा केले की परतीचा रस्ता नाही.

कारण रचनेत आहे. चित्राच्या मागे हातकागदाचे तीन-चार थर असतात, गव्हाच्या खळीने लावलेले. पहिला थर ताज्या खळीने, पुढचे वर्षानुवर्षे मुरवलेल्या, मुद्दाम कमजोर झालेल्या खळीने. मग जड कुंचल्याने ठोकून कागदाचे तंतू एकमेकांत बसवतात. म्हणून चित्र मऊ राहते, गुंडाळता येते आणि पन्नास-शंभर वर्षांनी पाण्याने थर सोडवून नव्याने मढवता येते. फेव्हिकॉल पाण्याने असा सुटत नाही. प्लायमधून आम्ल झिरपते आणि रेशीम तपकिरी पडते. काचेला चित्र टेकले तर पावसाळ्यात दोघांमध्ये बुरशी येते.

आडव्या घड्या दोन कारणांनी पडतात : चित्र फार घट्ट गुंडाळले जाते किंवा मागची खळ ताठ झालेली असते. चित्र, कागद आणि किनखाप ओलाव्याने वेगवेगळ्या प्रमाणात ताणले-आखडले जातात, आणि जिथे ताण साठतो तिथे मोड पडते. मुंबईच्या पावसाळ्यात भिंतीवर आणि मग एसीच्या कोरड्या झोतात, असा उलटसुलट मारा म्हणजे घड्यांना आमंत्रणच. इस्त्री फिरवू नका; पांढरा रंग सरसाने धरलेला असतो, उष्णतेने आणि वाफेने तो सुटतो.

आत्ता करायचे ते एवढेच : चित्र गुंडाळणे थांबवा. प्रत्येक गुंडाळीत आणखी पोपडे सुटतात. सपाट फळीवर, आम्लरहित कागदावर, चित्राची बाजू वर करून ठेवा आणि गळलेले कण पुडीत बांधा. मग जपानी मढवणीचे काम जाणणाऱ्या कागद-संवर्धकाकडे जा. तो आधी पातळ सरस देऊन रंग पक्का करील, मग घडीमागे दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या पातळ कागदाच्या पट्ट्या लावील. पुन्हा गुंडाळताना फुतोमाकी वापरायला सांगा. हे लाकडी नळकांडे खालच्या दांड्याभोवती बसते, गुंडाळीचा व्यास वाढतो आणि मोड कमी पडते. मढवणी यंत्राने, उष्णतेने चिकटणाऱ्या फिल्मवर केलेली असेल तर काम अवघड होते. हे संवर्धकाला आधीच तपासायला लावा. पुन्हा मढवण्याचा खर्च पुष्कळदा चित्राच्या बाजारभावाहून जास्त येतो, हेही लक्षात घेऊनच ठरवा.

प्रश्न : कसर लागू नये म्हणून पेटीत डांबरगोळ्या आणि कापूर दोन्ही ठेवले तर?

उत्तर : दोन्ही एकत्र कधीच नको. कापूर आणि डांबरगोळ्यांतले नॅप्थलीन एकमेकांशेजारी वितळून तेलकट पाणी होतात आणि रेशमावर पडलेला तो डाग निघत नाही. एकच वापरा, तेही पुडीत, चित्राला न टेकता. किरी या जपानी झाडाच्या लाकडाची मूळ पेटी मात्र जपा. ती ओलावा घेते आणि सोडते, आत हवा बऱ्यापैकी स्थिर ठेवते. कोकण-मुंबईत डिसेंबर-जानेवारीच्या एखाद्या कोरड्या दिवशी, ऊन न लागेल अशा खोलीत काही तास उघडून टांगा आणि मागून बुरशी तपासा. पावसाळ्यात पेटी उघडू नका. टांगून ठेवायचे तर महिन्याभराहून जास्त नको. जपानी घरातही चित्रे ऋतूप्रमाणे बदलतात : वर चढणारा कार्प मासा मे महिन्यातल्या मुलांच्या सणाला, क्रौंच आणि कासव नववर्षाला किंवा लग्नाला.

प्रश्न : गुंडाळताना चित्र नेहमी तिरके होते. बरोबर पद्धत कोणती?

उत्तर : चित्र टांगलेले असतानाच खालून सुरुवात करा. दांड्याची दोन्ही टोके दोन्ही हातांनी धरून सैलसर गुंडाळत वर या. कडा सरकल्या तर तिथपर्यंत उलगडा. चित्र पिळून कडा जुळवू नका. रेशमाला चुण्या पडतात त्या इथेच. फूट-दीड फूट उरले की डाव्या हाताने गुंडाळी धरा, उजव्या हाताने टोकाला दुबेळके असलेल्या काठीने दोर खुंटीवरून काढा आणि चित्र टेबलावर आणा. वर लोंबणाऱ्या दोन पट्ट्या त्यांच्या जुन्या मोडीवरच दुमडा. बांधायच्या दोराखाली कागदाची पट्टी ठेवा, नाहीतर दोराचा वळ उमटतो. दोर तीन वेढे देऊन बांधा आणि आवळू नका.

प्रश्न : कोबेहून एक जुने काकेजिकु पुण्याला आणायचे आहे. दांड्याची टोके हस्तिदंती वाटतात. अडचण येईल?

उत्तर : खरोखर हस्तिदंत असेल तर येईल. भारतात हस्तिदंत आणायला कायद्याने बंदी आहे. टोकाचा सपाट भाग भिंगाने पाहा : हस्तिदंतात एकमेकांना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते, हाडात बारीक काळसर छिद्रे दिसतात, प्लॅस्टिकमध्ये दोन्ही नसते. ओढून काढू नका, टोक दांड्याला चिकटवलेले असते आणि जुना दांडा तडकतो. जपानमध्येच मढवणीकाराकडून तेवढ्याच व्यासाची लाकडी किंवा लाखकामाची टोके बसवून घ्या आणि बदलाची पावती पेटीसोबत आणा.